विश्लेषण : तिसऱ्या वर्षी ग्रीक, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र! जॉन स्टुअर्ट मिल यांच्या घरच्या शाळेत काय साधले, काय हुकले?

शाळेत न पाठवता मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. तर्काचे, कोड्यांचे वर्कबुक कोणत्या पातळीचे आणायचे? कव्हरवर छापलेल्या वयाप्रमाणे आणले, तर काही मुले ते एका बैठकीत संपवतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. एक इयत्ता पुढचे आणले, तर तिसऱ्या पानावर गाडी अडते आणि घरात चिडचिड सुरू होते. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका वडिलांनी हाच प्रश्न आपल्या थोरल्या मुलावर सोडवून पाहिला आणि वयाचा हिशेब जवळपास बाजूलाच ठेवला. तो मुलगा म्हणजे पुढे १९ व्या शतकातील सर्वात प्रभावी इंग्रज विचारवंतांपैकी एक ठरलेले जॉन स्टुअर्ट मिल. तर्कशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. मात्र हेच मिल वयाच्या विसाव्या वर्षी आतून कोसळले होते. त्यांच्या घरच्या शाळेत नेमके काय घडले, याचा हा आढावा.

शिकवणारे जेम्स मिल कोण होते?

जॉन यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वडील जेम्स मिल मूळचे स्कॉटलंडचे. एका खेड्यातील चांभाराचा हा मुलगा सर जॉन स्टुअर्ट या जमीनदाराच्या आधाराने एडिनबरा विद्यापीठात शिकला. थोरल्या मुलाचे नाव त्यांनी याच आश्रयदात्यावरून ठेवले. धर्मोपदेशक होण्याचा परवाना हाती असूनही जेम्स यांनी तो मार्ग सोडला आणि लंडनमध्ये लेखणीवर संसार चालवला. जॉनच्या जन्माच्या सुमारास त्यांनी भारताचा इतिहास लिहायला घेतला. तो पूर्ण व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. उत्पन्न बेताचे, घरात दर दोन-तीन वर्षांनी नवे मूल आणि डोक्यावर हा प्रचंड ग्रंथ, अशा अवस्थेत त्यांनी मुलांचे शिक्षण स्वतःकडे घेतले.

यामागे एक ठाम विचार होता. मन अनुभवांतून घडते, त्यामुळे योग्य वयात योग्य अनुभव दिले तर जवळपास कोणत्याही मुलाचे मन हवे तसे घडवता येते, असे जेम्स यांचे मत होते. त्यांचे मित्र आणि तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचाही या विचाराला पाठिंबा होता. जॉन हा त्या विचाराचा पहिला प्रयोग ठरला.

तिसऱ्या वर्षी ग्रीक कसे शिकवले?

जेम्स यांनी रोजच्या वापरातील ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ छोट्या कार्डांवर लिहून मुलाच्या हाती दिले. आज आपण ज्यांना फ्लॅशकार्ड म्हणतो, तीच ही पद्धत. व्याकरणातून फक्त शब्दांची रूपे घेतली आणि थेट भाषांतर सुरू केले. पहिले पुस्तक इसापच्या गोष्टींचे होते.

अडचण पुढेच होती. त्या काळी ग्रीक-इंग्रजी शब्दकोश मिळत नव्हता. ग्रीक शब्दांचे अर्थ लॅटिनमध्ये दिलेले असत आणि जॉनला तेव्हा लॅटिन येत नव्हते. त्यामुळे प्रत्येक अडलेला शब्द वडिलांना विचारावा लागे. बाप-लेक एकाच खोलीत, एकाच टेबलावर बसत. एका बाजूला भारताचा इतिहास लिहिला जाई, दुसऱ्या बाजूला ग्रीकचा धडा चाले. जेम्स स्वभावाने अत्यंत उतावीळ होते. तरीही दिवसभरातले हे सगळे व्यत्यय सोसून त्यांनी आपले खंड पूर्ण केले. मूल अडले की उत्तर देणारा माणूस हाताच्या अंतरावर होता, हे या घरच्या शाळेचे बलस्थान होते.

सकाळच्या फेरीत काय व्हायचे?

१८१० ते १८१३ या काळात मिल कुटुंब न्यूइंग्टन ग्रीन येथे राहत होते. तेव्हा तो भाग जवळजवळ खेडेगाव होता. जेम्स यांना प्रकृतीसाठी चालणे आवश्यक होते. न्याहारीपूर्वी ते हॉर्न्सीकडच्या हिरव्या गल्ल्यांतून फिरायला जात आणि जॉनला सोबत नेत. आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाची टिपणे जॉनने कागदाच्या चिटोऱ्यांवर काढलेली असत. ती पाहून तो चालता चालता वडिलांना सगळी हकिगत सांगे.

ही पुस्तके मुख्यतः इतिहासाची होती. ह्यूम, गिबन आणि रॉबर्टसन हे इतिहासकार जॉनने याच वयात वाचले. माल्टाच्या सरदारांनी तुर्कांविरुद्ध दिलेली झुंज त्याला फार आवडे. मुलांची म्हणता येतील अशी पुस्तके घरात फारशी नव्हती. 'रॉबिन्सन क्रूसो' मात्र होते आणि ते त्याचे लाडके पुस्तक होते. अरेबियन नाइट्स आणि 'डॉन किहोते' वडिलांनी कुणाकडून तरी मागून आणून दिले होते.

त्या काळी मुलांसाठी तर्काची वर्कबुक नव्हती. त्यांचे काम या फेरीने केले. वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडायचे आणि त्यावर आलेल्या प्रश्नांना तोंड द्यायचे, हा रोजचा सराव होता. मुलाला काय समजले आणि काय नुसते पाठ झाले, हे वडिलांना लगेच कळत असे.

पातळी पहिल्यांदा कुठे चुकली?

सातव्या वर्षी, म्हणजे १८१३ मध्ये, वडिलांनी जॉनला प्लेटोचे सहा संवाद मूळ ग्रीकमध्ये वाचायला दिले. त्यातील शेवटचा संवाद 'थिएटेटस'. ज्ञान म्हणजे काय, या प्रश्नावरची ती अत्यंत अमूर्त चर्चा आहे. तज्ज्ञांनाही ती जड जाते. मोठेपणी आत्मचरित्र लिहिताना मिल यांनी स्पष्टच नोंदवले आहे की हा संवाद वगळला असता तर बरे झाले असते, कारण तो त्या वयात कळणे शक्यच नव्हते. आपल्या आवाक्यातले ते सर्व वडील मागत आणि अनेकदा आवाक्याबाहेरचेही मागत, असा मिल यांचा निष्कर्ष होता.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. जॉनला 'थिएटेटस'मधले शब्द आणि वाक्यरचना येत होती. तो ते वाचू शकत होता. अडचण भाषेची नव्हती, विषयाची होती. मूल पान वाचू शकते म्हणजे पानावरचा विचार त्याला पेलतो, असे गृहीत धरणे ही आजही वर्कबुक निवडताना होणारी सर्वात सोपी चूक आहे. चांगले वाचणाऱ्या मुलाला दोन इयत्ता पुढचे तर्काचे पुस्तक दिले जाते. सूचना वाचता येतात, पण कोडे सुटत नाही.

धाकट्या भावंडांचे काय?

आठव्या वर्षी जॉनने लॅटिन सुरू केले आणि त्याच वेळी धाकट्या बहिणीला ते शिकवण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. पुढे इतर भावंडेही त्याच्या वर्गात आली. त्यांचे धडे कच्चे निघाले तर जाब जॉनला द्यावा लागे. शिकवण्यामुळे आपला विषय अधिक पक्का झाला, हे मिल यांनी मान्य केले. पण हे काम त्यांना अजिबात आवडत नसे. मुलांनीच मुलांना शिकवण्याची ही व्यवस्था शिकवणाऱ्यालाही आणि शिकणाऱ्यालाही चांगले वळण लावत नाही, असे त्यांचे मत झाले.

त्या घरातील शिस्तीचे एक चित्र बेंथम यांच्या वर्तुळातील सुधारक फ्रान्सिस प्लेस यांनी पत्रातून कळवले होते. १८१७ मध्ये ते बेंथम यांच्या फोर्ड ॲबी येथील मुक्कामी पाहुणे होते. मिल कुटुंबही तिथेच होते. दोन बहिणींचे धडे नीट झाले नाहीत म्हणून दुपारी एक वाजता आलेले जेवण परत पाठवले गेले. सहा वाजेपर्यंत कुणाला जेवण नव्हते. अकरा वर्षांचा जॉनही उपाशी राहिला, कारण त्याने बहिणींना पास केले होते. चूक होती एका शब्दाची.

बाराव्या वर्षी नेमके काय वाचले?

साधारण अकराव्या वर्षी जॉनने ॲरिस्टॉटलचे 'ऱ्हेटरिक' वाचले. वडिलांनी त्यातील मुद्द्यांचे तक्ते करायला लावले. विचारांची मांडणी उलगडून पाहण्याची ही पूर्वतयारी होती. बाराव्या वर्षी खरे तर्कशास्त्र सुरू झाले ते ॲरिस्टॉटलच्या 'ऑर्गनॉन'पासून. सोबत मध्ययुगीन पद्धतीचे लॅटिनमधील काही तर्कग्रंथ आणि त्यानंतर हॉब्स यांचा तर्कावरील ग्रंथ.

या तर्काचा गाभा म्हणजे दोन विधानांवरून तिसरे विधान काढणे. सगळ्या गाईंना शिंगे असतात, कपिला गाय आहे, म्हणून कपिलाला शिंगे आहेत. हा तर्क जुळतो. याउलट सगळ्या मांजरांना चार पाय असतात, टेबलाला चार पाय आहेत, म्हणून टेबल मांजर आहे. इथे दोन्ही विधाने खरी आहेत, तरी निष्कर्ष फसतो. कुठे फसतो, हे नेमके दाखवणे म्हणजे तर्कशास्त्राचा पहिला धडा.

'ऑर्गनॉन'मधलाही एक भाग जॉनच्या डोक्यावरून गेला. 'पोस्टिरियर ॲनालिटिक्स'मध्ये विज्ञानातील सिद्धतेचे स्वरूप मांडले आहे. त्याचा आपल्याला फारसा लाभ झाला नाही, कारण त्या प्रकारच्या विचारासाठी आपण तेव्हा तयार नव्हतो, असे मिल यांनी नोंदवले आहे. म्हणजे एकाच लेखकाच्या, एकाच विषयावरच्या ग्रंथसंचात एक भाग बारा वर्षांच्या मुलाला चालला आणि दुसरा चालला नाही.

तर्कशास्त्र त्यांना का जमले?

पहिले कारण म्हणजे पुन्हा तीच फेरी. रोज वाचलेल्या भागाचा बारीकसारीक तपशील चालताना सांगायचा आणि वडिलांच्या खोदून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. दुसरे कारण म्हणजे जेम्स यांनी हा विषय कशासाठी शिकायचा, हे आधी मुलाला स्वतः शोधायला लावले. बॅगशॉट हीथच्या परिसरात फिरताना त्यांनी प्रश्न विचारून जॉनकडून तर्काचा उपयोग काढून घेण्याचा प्रयत्न केला. ते साधले नाही, तेव्हा स्वतः समजावून सांगितले. त्या दिवशी जॉनला ते पूर्ण उमगले नाही. पण ते बोलणे मनात राहिले आणि पुढचे वाचन त्याभोवती जमत गेले.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. चुकीच्या युक्तिवादाची चिरफाड करून दोष कुठे आहे हे शोधणे, ही आपल्याला चांगली साधलेली पहिली बौद्धिक गोष्ट होती, असे मिल सांगतात. लहान वयाला हे काम का जुळते, याचे त्यांनी दिलेले कारणही पटण्यासारखे आहे. नवा, मोलाचा विचार सुचायला अनुभव लागतो, वर्षे लागतात. दुसऱ्याच्या बोलण्यातील खोट पकडायला तेवढा अनुभव लागत नाही. ज्या घरात 'पण आई, तू काल तर म्हणाली होतीस...' असे वाद रोज झडतात, तिथे ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

मग गणितात का बिनसले?

मूल तेच, वडील तेच, तरी गणितात चित्र उलटे होते. अंकगणित संध्याकाळी चाले आणि ते जॉनला नकोसे वाटे. प्राथमिक भूमिती आणि बीजगणित मात्र पक्के झाले. पुढे कॅल्क्युलसपर्यंत मजल गेली तेव्हा पेच पडला. जेम्स यांचे स्वतःचे उच्च गणित मागे पडले होते आणि ते पुन्हा शिकायला त्यांना वेळ नव्हता. जॉन पुस्तकांच्या भरवशावर एकटा झगडत राहिला. अवघड उदाहरणे सुटली नाहीत की वडील नाराज होत. ती सोडवण्यासाठी लागणारे आधीचे ज्ञानच मुलाकडे नाही, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

मोठ्याने वाचण्याच्या तासालाही असेच होई. वाक्य चुकीचे वाचले की जेम्स रागवत आणि कसे वाचायला हवे होते त्याचे नियम सांगत. पण एकदाही स्वतः वाचून दाखवत नसत. प्रत्यक्ष उदाहरणाशिवाय नुसता नियम सांगितला तरी तो समजतो, हा वडिलांच्या पद्धतीतला मोठा दोष होता, असे मिल यांचे म्हणणे. रसायनशास्त्राचेही तेच. एकही प्रयोग पाहण्याच्या कितीतरी वर्षे आधी जॉनने त्यावरचे ग्रंथ वाचून काढले होते.

तर्कशास्त्र सोपे होते आणि गणित अवघड, असा याचा अर्थ नाही. 'ऑर्गनॉन' कोणत्याही मोजमापाने बारा वर्षांच्या मुलासाठी जडच. फरक असा, की तर्कशास्त्रात प्रत्येक पायरीला सोबत होती आणि सोबत करणाऱ्याला पुढची पायरी माहीत होती. गणितात मधल्या पायऱ्या गळाल्या होत्या आणि त्या गळाल्या आहेत, हे मोठ्या माणसालाही कळत नव्हते.

जॉन मुळात असामान्य होते का?

१९२६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथरिन कॉक्स यांनी इतिहासातील ३०० प्रतिभावंतांच्या बालपणाच्या नोंदींवरून त्यांच्या बुद्ध्यंकाचा अंदाज बांधला. त्यात मिल यांचा अंदाज १९० इतका निघाला. अर्थात ती चाचणी नव्हती, कागदपत्रांवरून केलेले अनुमान होते. मिल यांचे स्वतःबद्दलचे मत वेगळे होते. आकलन, स्मरणशक्ती आणि उत्साह या तिन्ही बाबतींत आपण सरासरीपेक्षा थोडे खालीच आहोत, त्यामुळे आपण जे केले ते कोणतेही साधारण बुद्धीचे निरोगी मूल करू शकेल, असे ते मानत.

त्यांना असे वाटण्याचे कारणही घरच्या शाळेतच होते. जेम्स यांनी मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवले होते. त्यामुळे तुलना करायला कुणी नव्हते, कौतुक तर कानावरच येऊ दिले जात नसे. चौदाव्या वर्षी फ्रान्सला निघण्यापूर्वी हाइड पार्कमध्ये फिरताना वडिलांनी पहिल्यांदा सांगितले, की तुझ्या वयाच्या मुलांना सहसा येत नाहीत अशा बऱ्याच गोष्टी तुला येतात. पण त्याचे श्रेय तुझे नाही, शिकवायला वेळ देणारे वडील तुला लाभले, एवढेच. सुट्टी नावाचा प्रकार नव्हता, कारण कामाची सवय मोडेल आणि आळसाची गोडी लागेल अशी भीती होती. हाताने करायच्या साध्या कामांत मिल पुढेही बराच काळ अडखळत राहिले.

विसाव्या वर्षी काय घडले?

१७ वर्षे पूर्ण होताच, मे १८२३ मध्ये, जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात वडिलांच्या हाताखाली रुजू झाले. नोकरी सांभाळून लेखन, वादसभा आणि बेंथम यांच्या एका अवाढव्य ग्रंथाचे संपादन सुरू होते. १८२६ च्या शरद ऋतूत एके दिवशी त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. समाजात हव्या असलेल्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल का? मनाने उत्तर दिले, नाही. ज्या उद्दिष्टासाठी जगायचे असे लहानपणापासून ठरले होते, त्यातच रस उरला नव्हता.

तो हिवाळा त्यांनी यंत्रवत काम करत काढला. कुणाशी बोलावे असे माणूस त्यांना दिसेना. वडिलांना तर सांगणे शक्यच नव्हते. आपली सगळी शिक्षणयोजना फसली असे त्यांना वाटेल आणि ते दुखावतील, याची जॉन यांना खात्री होती. विशेष म्हणजे छापलेल्या आत्मचरित्रात आईचा उल्लेखही येत नाही. ज्या घरात प्रत्येक युक्तिवादाला उत्तर मिळत होते, तिथे हा प्रश्न विचारायला जागा नव्हती.

मिल यांनी पुढे याचे कारणही तर्कानेच शोधले. प्रत्येक गोष्टीचे पृथक्करण करण्याची सवय एकटीच वाढली आणि भावना वाढवणारे सोबत काहीच नसले, तर ती सवय भावनांची मुळे कुरतडते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ते सावरले कसे?

सुटकेची सुरुवात एका पुस्तकाने झाली. फ्रेंच लेखक मार्माँतेल यांच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. वडील वारलेले, कुटुंब उघडे पडलेले आणि लहानगा मुलगा ठरवतो की आता घराचा आधार आपणच. ते वाचताना मिल यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्यातील भावना मेलेल्या नाहीत, हे कळल्यावर ओझे हलके झाले. संगीत ऐकणे, आणि १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थ यांच्या कविता वाचणे, यांनी पुढचे काम केले. तर्क त्यांनी सोडला नाही. त्याच्या शेजारी कविता, संगीत आणि निसर्ग यांना जागा दिली.

पुढच्या आयुष्यात काय केले?

१८४३ मध्ये 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' प्रसिद्ध झाला. मिल यांच्या हयातीतच त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. ठरावीक विधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या निगमनापलीकडे जाऊन, निरीक्षणांवरून नियमाकडे जाणाऱ्या विगमनाची त्यात सविस्तर मांडणी आहे. दोन प्रसंगांत बाकी सगळे सारखे असून एकच गोष्ट वेगळी असेल आणि परिणाम बदलला असेल, तर कारण त्या गोष्टीत शोधा, ही त्यातली एक पद्धत. एका कुंडीला ऊन आणि दुसरीला सावली देऊन रोपांची वाढ पाहणारे शाळकरी मूल हीच पद्धत वापरत असते.

कंपनीत त्यांनी ३५ वर्षे काढली. भारतातील संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार हे त्यांचे मुख्य काम होते. भारतात मात्र ते कधीच आले नाहीत, वडीलही आले नव्हते. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला आणि मिल निवृत्त झाले. त्याच वर्षी पत्नी हॅरिएट यांचे फ्रान्समधील ॲव्हिन्यों येथे निधन झाले. १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' आले. १८६५ ते १८६८ ते पार्लमेंटचे सदस्य होते आणि महिलांच्या मताधिकाराचा मुद्दा त्यांनी तिथे लावून धरला. १८६९ मध्ये स्त्रियांच्या दास्यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मे १८७३ मध्ये ॲव्हिन्यों येथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आत्मचरित्र छापून आले.

महाराष्ट्रातही मिल पोहोचले ते पुस्तकांतून. गोपाळ गणेश आगरकर यांच्या विचारांवर मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचा ठसा होता. 'सुधारक'मधून रूढींची तर्काने झाडाझडती घेणाऱ्या आगरकरांमागे हे वाचन होते.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यावे?

मिल यांच्या निधनानंतर काही वर्षांनी, १८८७ च्या सुमारास, 'ॲलिस इन वंडरलँड'चे लेखक लुईस कॅरॉल यांनी 'द गेम ऑफ लॉजिक' हे पुस्तक आणले. सोबत पुठ्ठ्याचा पट आणि नऊ सोंगट्या होत्या. विधाने सोंगट्यांनी पटावर मांडायची आणि निष्कर्ष डोळ्यांनी पाहायचा. आज बाजारात अशी शेकडो साधने आहेत. निवडताना मिल यांच्या अनुभवावरून काही गोष्टी तपासता येतात.

- वाचनाची पातळी आणि तर्काची पातळी वेगवेगळी मोजा. पुस्तकातील मधल्या पानावरचे एक कोडे मुलाला वाचून दाखवा आणि सोडवताना बोलायला सांगा. पुस्तक बरोबर आहे की नाही, हे कव्हरपेक्षा त्या बोलण्यातून लवकर कळेल.

- मूल अडले तर आधी पायरी शोधा. 'सगळे', 'काही' आणि 'एकही नाही' यातला फरक पक्का नसेल, तर पुढचे कोडे कितीही समजावले तरी सुटणार नाही. अशा वेळी पुस्तक बदलण्याऐवजी चार पाने मागे जाणे पुरते.

- सुरुवात चुका शोधण्याच्या कोड्यांनी करा. टेबल आणि मांजराचा किस्सा सहा वर्षांच्या मुलालाही हसवतो आणि दोष शोधायला लावतो.

- पूर्ण पुस्तक संपवण्याचा आग्रह धरू नका. मिल यांना 'ऑर्गनॉन'चा एक भाग चालला, एक चालला नाही. न जमणारे प्रकरण सहा महिन्यांनी पुन्हा काढता येते.

- स्वतःला न येणारे पुस्तक मुलाच्या हाती देऊन निकाल मागू नका. ते आधी स्वतः सोडवून पाहा, किंवा येणाऱ्या माणसाला सोबत घ्या.

- वर्कबुकच्या तासाइतकाच वेळ गाणी, गोष्टी, मातीत खेळणे आणि बरोबरीच्या मुलांसाठी ठेवा. आठवड्यातून एक दिवस सगळी पुस्तके बंद राहिली तरी चालेल.

आणखी एक तपासणी घरातच होते. अडलेले कोडे घेऊन मूल आपणहून जवळ येते, की पान लपवते? जॉन मिल अडलेला प्रत्येक ग्रीक शब्द वडिलांना विचारू शकत होते. विसाव्या वर्षीचा प्रश्न त्यांना विचारता आला नाही. मूल पान लपवत असेल, तर नवे वर्कबुक मागवण्यापूर्वी त्याच्याशी बोलणे गरजेचे आहे.